घरात झाडलेली गोळी बाहेर कळते का?

कळते. जुन्या घरांच्या जाडजूड दगडी भिंती पाहिल्या की वाटतं, आतला आवाज आतच जिरेल. पण गोळीचा आवाज बंदुकीजवळ 140 डेसिबलच्या वर असतो. भिंतीने त्यातले पन्नासेक गिळले, तरी लगतच्या गल्लीत दचकवणारा दणका पोहोचतोच. शिवाय आवाज भिंतीपेक्षा दाराच्या फटीतून, झरोक्यातून जास्त निसटतो. सायलेन्सरचं काय, असं कुणी विचारेल. तोही साधारण 20 ते 35 डेसिबलच कमी करतो. सिनेमातली ती हलकी ‘फुस्स’ खरी नव्हे.

मग ‘शेजाऱ्यांना काहीच कळलं नाही’ असं का होतं? अडचण ऐकण्याची नाही, ओळखण्याची आहे. लग्नसराईत, दिवाळीत कान त्या बाराला फटाकाच समजतो, आणि एकाच बारावर खात्री करायला दुसरी संधी मिळत नाही. आवाज विरला तरी खूण मात्र उरते. 30 ऑगस्ट 2015 रोजी धारवाडला ज्येष्ठ संशोधक एम. एम. कलबुर्गी यांची त्यांच्या घराच्या दारात, तर 5 सप्टेंबर 2017 रोजी बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांची घराबाहेर गोळ्या झाडून हत्या झाली. दोन वर्षांचं अंतर असूनही दोन्हीकडे 7.65 मिमीचं एकच गावठी पिस्तूल वापरल्याचा निष्कर्ष न्यायवैद्यक तपासणीने काढला. अशा तपासणीत काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडावर पिस्तुलाच्या पिनेने उमटवलेला टिंबाएवढा खळगाही बोलतो.