खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी : लहान वस्तीला पडणारा खर्च

घणसोली गाव ठाणे खाडीच्या काठी असले, तरी नवी मुंबईची पिण्याच्या पाण्याची मुख्य भिस्त खालापूर तालुक्यातील मोरबे धरणावर आहे. खाडीचे पाणी गोडे करता येते. प्रश्न खर्चाचा आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. रिव्हर्स ऑस्मोसिस पद्धतीत हे पाणी 55 ते 70 बार दाबाने पातळ पटलातून ढकलले जाते. मोठ्या प्रकल्पांत उरलेल्या खारट पाण्यातील दाब परत वापरतात. त्यामुळे हजार लिटर गोड्या पाण्यास साधारण 3 ते 4 युनिट वीज पुरते. लहान संयंत्रात बहुधा ही सोय नसते, म्हणून वीज दुपटीहून अधिक लागू शकते.

पगाराचा भारही असाच वाढतो. चालकाला महिना 20,000 रुपये धरले, तर रोज 10,000 लिटर देणाऱ्या संयंत्रात हजार लिटरमागे सुमारे 67 रुपये पगारापोटी जातात. रोज 10 लाख लिटर असतील, तर 67 पैसे. गाळण, रसायने, पटले बदलणे आणि खारट पाण्याचा निचरा हा खर्च वेगळा.

म्हणूनच मुंबई महापालिकेने मनोरी येथे आखलेला प्रकल्प रोज 20 कोटी लिटरचा आहे. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर मात्र 2005 पासून रोज एक लाख लिटरचे संयंत्र आहे, कारण तिथे धरणाचा पर्यायच नाही. लहान वस्तीत कमी खारट विहीर किंवा कूपनलिका असल्यास तेच पाणी शुद्ध करणे स्वस्त पडते: क्षार कमी, म्हणून दाब आणि वीजही कमी.