गाडीची लांबी किती?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये डोव्हरची सामुद्रधुनी आहे. जेथे ती सर्वांत अरुंद आहे, तेथे तिची रुंदी सुमारे ३३ किलोमीटर भरते. डोव्हरहून कॅले बंदराला जाणाऱ्या फेरीबोटीत माणसे आपली मोटार थेट चालवीत नेतात आणि सुमारे दीड तासाने पलीकडे उतरतात. तिकीट काढताना गाडीची लांबी व उंची विचारतात. साध्या मोटारीचे वजन मात्र सहसा विचारीत नाहीत. असे का?

थोडे गणित करू. एका मोटारीचे वजन दीड टन धरा. अशा ५०० गाड्यांचे वजन ७५० टन झाले. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार बोट तेवढ्याच वजनाचे पाणी बाजूला सारील. समुद्राचे एक घनमीटर पाणी सुमारे १.०२५ टन भरते. म्हणजे ७३० घनमीटर पाणी सरेल. पाण्याच्या पातळीशी बोटीचे क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर असेल, तर ती जेमतेम १८ सेंटिमीटर खाली जाईल! तेव्हा बोटीत आधी संपते ती जागा. म्हणून भाडे ठरते ते गाडी किती जागा अडविते यावर. उंच गाड्यांना उंच छताचा मजला लागतो. म्हणून उंचीही विचारतात.

काटकसरीने प्रवास करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. टपावरचे सामान गाडीची उंची वाढविते, मागे टांगलेली सायकल लांबी वाढविते, आणि त्याबरोबर भाडेही वाढू शकते. सुट्टीच्या दिवसांत बोटी लवकर भरतात व भाडे चढते. आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा अपरात्री सुटणारी फेरी आगाऊ ठरविल्यास ते बहुधा कमी पडते.

पण या सोयीची एक धोकादायक बाजू आहे. गाड्या सरळ आत जाव्यात म्हणून त्यांचा मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा ठेवलेला असतो. एका ताटात थोडे पाणी घेऊन ते किंचित कलते करा. सारे पाणी खालच्या बाजूला धावते आणि ताट आणखी कलू पाहते. आता ताटात कणकेचे दोन-तीन उभे बांध घालून पाहा. पाणी जागच्या जागी अडते. बोटीच्या मोकळ्या मजल्यावर असे बांध नसतात.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट पुढचे दार उघडे असतानाच निघाली. दार लागले की नाही, हे कप्तानाला त्याच्या जागेवरून दिसत नव्हते. ते दाखविणारा दिवाही तेथे नव्हता. मजल्यावर शिरलेले पाणी एका बाजूला धावले आणि काही मिनिटांतच बोट कलंडली. १९३ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर दाराची स्थिती कप्तानापुढे दाखविणारे दिवे आंतरराष्ट्रीय नियमांनी आवश्यक केले.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारी नेणारी बोट जाते. तिच्यात बसाल तेव्हा दार लागताना अवश्य पाहा. ताटातले पाणी आठवेल.