रिक्त पदे आणि निवृत्त प्राध्यापक
केंद्रीय विद्यापीठांतील अध्यापकांचे निवृत्तीचे वय २००७ साली ६५ झाले. केंद्राच्या २००८ च्या योजनेने रिक्त जागा असल्यास सत्तरीपर्यंत करारावर फेरनियुक्तीचे दारही उघडले. ही वयोमर्यादा राज्यांवर बंधनकारक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. वाद मात्र अद्याप अनुभव की तारुण्य, याच मुद्द्याभोवती घोटाळतो आहे. विद्वत्ता साठीला संपते, असे कोण म्हणतो? प्रश्न पैशाचा आहे. निवृत्तिवेतन मिळणारा प्राध्यापक अल्प मानधनावरही आनंदाने शिकवू शकतो. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणाला त्याच मानधनावर संसार चालवावा लागतो. मग पद भरण्यापेक्षा ते रिक्त ठेवणेच शासनाला स्वस्त पडते. निवृत्तांनी संशोधनाला मार्गदर्शन अवश्य करावे. मात्र मंजूर पदावर पूर्णवेळ नेमणूकच झाली पाहिजे.