पहिले क्रेडिट कार्ड आणि आपली पत

कल्पना करा. वयाची पस्तिशी गाठलेला एक कष्टाळू गृहस्थ घर घेण्यासाठी बँकेकडे कर्ज मागावयास जातो. आयुष्यात त्याने कोणाचा एक पैसाही बुडविलेला नाही. ऋण काढून सण करू नये, ही वडिलांची शिकवण पाळून त्याने जे घेतले ते रोखीने घेतले. बँकेचा अधिकारी संगणकावर त्याचा पॅन क्रमांक घालतो आणि सांगतो, ‘‘आपल्या नावावर कर्जफेडीची कोणतीच नोंद नाही.’’ ज्या सचोटीचा त्या गृहस्थाला अभिमान होता, तिचा एकही लेखी पुरावा बँकेला सापडत नाही.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी अनेक घरांना ओळखीचा वाटेल. मुलगा किंवा मुलगी पहिल्या नोकरीला लागली, की घरात क्रेडिट कार्डाचा विषय निघतो. तरुणांना ते हवेहवेसे वाटते. वडीलधाऱ्यांना त्याची धास्ती वाटते. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. कार्डाने पत जोडता येते आणि त्याच कार्डाने ती गमावताही येते. म्हणून हे साधन हाती घेण्यापूर्वी त्याचा व्यवहार नीट समजून घेणे आवश्यक आहे.

ओळखीची पत आणि नोंदीची पत

‘क्रेडिट’ हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. लॅटिन मिस्सेत ‘क्रेडो’ या शब्दाने सुरू होणारी श्रद्धेची घोषणा आपल्या वाडवडिलांना पाठ होती. तो शब्दही याच मुळाचा. कर्ज देणे म्हणजे विश्वास टाकणे, ही जाणीव त्या शब्दातच आहे.

पूर्वी हा विश्वास ओळखीवर चाले. वसईतील बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेचे मूळ १९१८ साली सुरू झालेल्या सहकारी पतसंस्थेत आहे. अशा संस्थांमध्ये कर्ज मागणारा कोणाचा कोण, त्याची वाडी कोठे, त्याचा शब्द कितपत खरा, हे कर्ज देणाऱ्यांना ठाऊक असे. शिवाय जामीनदार असे. आज मोठ्या शहरातील बँकेला अर्जदाराचा चेहराही ठाऊक नसतो. म्हणून ओळखीची जागा नोंदीने घेतली.

आपल्या देशात ही नोंद ठेवणारी सिबिल ही पहिली कंपनी २००० साली स्थापन झाली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांविषयीचा स्वतंत्र कायदा संमत झाला. आज रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. बँका, वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवितात. २०२५ सालापासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळविणे बंधनकारक झाले आहे. या माहितीवरून प्रत्येकाचा ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक काढला जातो. ७५० च्या पुढील गुणांक सर्वसाधारणपणे चांगला समजला जातो.

ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही त्याला कमी गुण मिळतात, असे मात्र नव्हे. त्याला गुणच मिळत नाहीत. अहवालात ‘नोंद नाही’ एवढेच दिसते. केवळ अशी नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे. तथापि कर्ज द्यावे की नाही आणि कोणत्या दराने, हे ठरविताना बँक इतर बाबींबरोबर ही नोंदही पाहतेच. यास्तव घराच्या कर्जाची गरज पडण्याच्या दोन-तीन वर्षे आधी लहानशी, स्वच्छ नोंद तयार असणे शहाणपणाचे ठरते.

पहिले कार्ड कोणते घ्यावे?

नियमित पगार असेल तर ज्या बँकेत तो जमा होतो, तिच्याकडे प्रथम चौकशी करावी. आपले उत्पन्न तिला आधीच दिसत असते. पॅन, पत्त्याचा पुरावा, पगाराच्या पावत्या किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र ही कागदपत्रे सहसा लागतात. वार्षिक शुल्क नसलेले, साधे कार्ड निवडावे. विमानतळावरील विश्रामकक्ष आणि बक्षिसांचे गुण यांच्या मोहात पडून शुल्काचे कार्ड घेणे पहिल्या कार्डाला शोभत नाही.

पगाराची पावती नसलेल्यांसाठीही मार्ग आहे. छोटा व्यवसाय करणारे, मासळी किंवा भाजी विकणाऱ्या भगिनी, गृहिणी, नुकतेच पदवीधर झालेले तरुण यांना मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकते. समजा, आपण २५,००० रुपयांची मुदत ठेव ठेवली. बँक त्या रकमेइतकी किंवा तिच्याहून थोडी कमी मर्यादा असलेले कार्ड देते. ठेवीवर व्याज मिळत राहते. कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता मात्र येत नाही. बिल थकले तर बँक ठेवीतून वसुली करू शकते. असे कार्ड पतमाहिती कंपन्यांकडे इतर कार्डांप्रमाणेच नोंदले जाते आणि साधारण सहा महिन्यांच्या व्यवहारानंतर गुणांक दिसू लागतो.

येथे दोन गैरसमज दूर करावयास हवेत. पतीच्या कार्डावर पत्नीला किंवा वडिलांच्या कार्डावर मुलाला जे पूरक कार्ड मिळते, त्याची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते. त्यामुळे पूरक कार्ड वापरणाऱ्याची स्वतःची नोंद सहसा तयार होत नाही. दुसरे असे, की बचत खाते आणि डेबिट कार्ड कितीही वर्षे वापरले तरी त्यात उधारी नसल्यामुळे त्यांची नोंद या अहवालात होत नाही.

एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जासरशी बँक आपला अहवाल मागविते आणि ती चौकशी नोंदली जाते. लागोपाठच्या चौकश्या अडचणीत सापडलेल्या माणसाचे लक्षण समजल्या जातात. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर गुण कमी होत नाहीत.

बिल, मुदत आणि वापर

समजा, आपले बिल दर महिन्याच्या ५ तारखेस तयार होते आणि भरण्याची अंतिम तारीख २५ आहे. ६ तारखेस केलेली खरेदी पुढील महिन्याच्या बिलात येईल. ती फेडण्यास सुमारे पन्नास दिवस मिळतील. ४ तारखेस केलेल्या खरेदीला मात्र एकवीसच दिवस मिळतील. पूर्ण बिल वेळेवर भरले तर या मुदतीचे व्याज लागत नाही. कार्डाचा खरा लाभ एवढाच आहे आणि तो पूर्ण बिल भरणाऱ्यासच मिळतो. कार्डाने रोख रक्कम काढल्यास ही सवलत नसते. त्याच दिवसापासून व्याज आणि वर शुल्क सुरू होते. म्हणून कार्डावर रोख काढूच नये.

गुणांकावर सर्वांत मोठा परिणाम वेळेवर केलेल्या फेडीचा होतो. त्यानंतर महत्त्व येते ते मर्यादेपैकी किती रक्कम वापरली याला. मर्यादा २०,००० रुपये असेल तर बिल ६,००० च्या आत, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत ठेवणे बरे. कर्ज किती जुने आहे आणि नवी कर्जे किती वेगाने मागितली, हेही पाहिले जाते. यावरून एक सोपी रीत निघते. जो खर्च तसाही होणारच आहे, उदाहरणार्थ विजेचे बिल किंवा महिन्याचे वाणसामान, तेवढाच कार्डावर करावा आणि ती रक्कम बचत खात्यात त्याच दिवशी बाजूला ठेवावी. व्याज भरल्याने पत वाढते, थोडी थकबाकी ठेवावी लागते, असे काही जण सांगतात. ते खरे नाही.

किमान रकमेचा सापळा

बिलावर दोन आकडे छापलेले असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. दुसरा आकडा लहान आणि दिलासा देणारा असतो. अनेक घरांची घसरण याच दिलाशापासून सुरू होते.

हिशेब करून पाहू. बिल २०,००० रुपयांचे आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये आहे. कार्डावरील व्याज बहुधा दरमहा तीन टक्क्यांच्या वर असते. आपण साडेतीन टक्के धरू. वर्षाचे ते ४२ टक्के होतात. २०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १२६ रुपये, असे ८२६ रुपये झाले. आपण भरलेल्या हजार रुपयांपैकी मूळ कर्ज फिटले ते फक्त १७४ रुपयांचे! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दरमहा हप्ता भरल्याचे समाधान मिळते आणि कर्ज जेथल्या तेथे राहते.

तेव्हा किमान रक्कम हा फक्त संकटकाळचा आधार मानावा. ती भरल्याने थकबाकीदाराचा शिक्का टळतो, कर्ज टळत नाही. पूर्ण बिल भरणे अशक्य झालेच, तर कार्ड बाजूला ठेवून खर्च थांबवावा आणि कमी दराचे कर्ज घेऊन ही बाकी आधी फेडावी. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत हिशेब मिटविला, तर अहवालात ‘पूर्ण फेड’ऐवजी ‘तडजोड’ अशी नोंद होते आणि ती पुढे वर्षानुवर्षे आड येते.

अंतिम तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेला, तरच कार्ड थकीत म्हणून कळविता येते आणि विलंब शुल्क लावता येते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियम आहे. ही सोय विसरभोळेपणासाठी आहे, सवयीसाठी नाही. बचत खात्यातून बिल आपोआप वळते करण्याची सूचना बँकेस देऊन ठेवावी. ती देताना ‘पूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडला आहे, याची खात्री करावी. जहाजावर काम करणाऱ्या बांधवांना तर ही सूचना अत्यावश्यक आहे. भर समुद्रात असताना बिलाचा संदेश पोहोचेलच असे नाही. आखातातून परतलेल्यांनीही ध्यानात ठेवावे, की तेथील बँकांशी केलेल्या चोख व्यवहाराची नोंद आपल्या येथील अहवालात येत नाही. येथे आरंभ नव्यानेच करावा लागतो.

नावांचा घोटाळा

आपल्या समाजात ही बाब विशेष जपावी लागते. डिसोजा हे एकच आडनाव रोमन लिपीत कोणी अपॉस्ट्रॉफी-चिन्हासह लिहितो, कोणी जागा सोडून, कोणी सलग. एकाच गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे चौघे असणे हेही नवलाचे नाही. पॅनवर एक, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे स्पेलिंग असेल, तर दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात किंवा आपली फेड दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका असतो. कार्डासाठी अर्ज करण्यापूर्वी सर्व कागदांवरील नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा प्रत्येकास हक्क आहे. तो दरवर्षी मागवावा. आपण ज्याला जामीन राहिलो, ते कर्जही त्यात दिसते. मित्राने हप्ता थकविला तर आपल्याही पतीला धक्का बसतो. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचे निराकरण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू झाला आहे. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

सुरक्षितता आणि आपले हक्क

न मागता कार्ड पाठविणे नियमबाह्य आहे. दूरध्वनीवरून कोणी कितीही आग्रह केला तरी ‘नको’ म्हणण्यास संकोच करू नये. कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर, थकबाकी नसल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते. अन्यथा दररोज ५०० रुपये दंड बँकेने द्यावयाचा असतो. मात्र सर्वांत जुने कार्ड विनाकारण बंद करू नये, कारण त्याच्या जुनेपणातही आपली पत साठलेली असते.

कार्डामागील तीन आकडे आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नये. बँक ते कधीच विचारीत नाही. फसवणूक झाल्यास त्याच क्षणी बँकेस कळवून कार्ड बंद करावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. परदेशातील आणि इंटरनेटवरील वापर गरज नसेल तेव्हा बंद ठेवण्याची सोय प्रत्येक कार्डावर असते, तिचा उपयोग करावा.

वाचक बंधुभगिनींनो, कार्डाची मर्यादा म्हणजे आपले उत्पन्न नव्हे. २०,००० पगार मिळविणाऱ्यास ५०,००० मर्यादेचे कार्ड मिळाले, म्हणून तो ७०,००० चा धनी होत नाही. ज्याला रोखीतही खर्च आवरत नाही, त्याने कार्ड आज घेऊ नये. पत उशिरा जोडली तरी चालते, बुडालेली पत सावरावयास फार वर्षे लागतात. ज्याला आवरते, त्याने लहान मर्यादेचे एकच कार्ड घ्यावे आणि दरमहा पूर्ण बिल फेडावे. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलामुलींबरोबर बसून पहिली दोन-चार बिले वाचावीत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण त्यांना लहानपणीच शिकविली आहे. आता त्या बिलावरील दोन आकड्यांपैकी कोणता भरावयाचा, तेवढे शिकवावयाचे राहिले आहे.