जुनाट खोकला आणि साथीचा ताप

इ. स. २०२१ च्या करोनाच्या साथींत मी व माझे थोरले बंधू एकाच आठवड्यांत आजारी पडलों. मी दहा दिवसांत उठलों. बंधूंनीं नेहमींचाच खोकला समजून पांच दिवस घरीं काढिले. पुढें त्यांस प्राणवायु लावावा लागला, व आज बांधापर्यंत चालतांनाहि त्यांस धाप लागते. घर एक, रोग एक. फरक इतकाच कीं, त्यांस विडी होती व वीस वर्षांचा खोकला होता.

श्वासनलिकांच्या आंत केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते धूळ व कफ वर लोटतात. विडीचा किंवा चुलीचा धूर आणि खळ्यावरील धूळ यांनीं ते वर्षानुवर्षें क्षीण होतात, कफ सांचतो व नळ्या अरुंद होतात. अशा छातींत इन्फ्लुएन्झा किंवा करोना यांचा विषाणु शिरला म्हणजे सूज वाढून श्वासास वाट उरत नाहीं. ज्याच्या खातीं शिल्लक नाहीं, त्यास एक दुष्काळहि बुडवितो, तसेंच हें होय.

म्हणून शेतकरी बंधूंस विनंति कीं, दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास क्षयाची व श्वासाची तपासणी करवावी. विडी सोडावी. मळणीच्या वेळीं नाकातोंडास फडकें बांधावें. ओढून घ्यावयाचें दम्याचें औषध, बरें वाटलें म्हणून, आपल्या मनानें बंद करूं नये. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षीं टोंचून घ्यावी. ताप येतांच दोन दिवसांचे आंत डॉक्टर गांठावा. कारण इन्फ्लुएन्झावरील औषध त्याच मुदतींत अधिक गुण देतें. शेतसाऱ्याची मुदत चुकल्यास दंड भरून सुटतां येतें. येथें तशी सोय नाहीं.