१०३ विजय, तरी विस्मरण

आवडत्या संघाचे विजेतेपद चाहत्यांना वर्षानुवर्षे आठवते. थोडक्यात हुकलेला हंगाम मात्र पुसट होत जातो. असे का होते?

अमेरिकेतल्या बेसबॉलचे १९९३ साल घ्या. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १६२ पैकी १०३ सामने जिंकले. त्यांच्याच गटात अटलांटा ब्रेव्हजने जिंकले १०४, आणि तेव्हा गटविजेताच पुढे जाई. शेवटच्या दिवशी डॉजर्स संघाने जायंट्सना १२-१ असे हरवले. हंगाम तिथेच संपला.

आठवण मेंदूत एकदा उमटली की कायम टिकते असे नाही. ती रानातल्या पायवाटेसारखी असते: वर्दळ असेल तर ठळक राहते, नसेल तर गवत माजते. विजेतेपदाच्या वाटेवर करंडक, मिरवणुका, वर्धापनदिन यांची वर्दळ आपोआप राहते. हुकलेल्या हंगामाला असे निमित्तच मिळत नाही.

दुसरे कारण सारखेपणा. मिळत्याजुळत्या आठवणींतली एकच वारंवार काढली, तर शेजारची मागे पडते. जायंट्सने २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली. त्यांच्या बॅरी बाँड्सचे नाव निघाले की २००१ चे विक्रमी ७३ होमरन आठवतात. १९९३ चे ४६ नाहीत.

मग पराभव लक्षात राहतच नाहीत का? राहतात, पण एखादे ठसठशीत दृश्य लागते. १९८६ मध्ये बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला आणि तो हंगाम अजरामर झाला. एकतर्फी हरलेल्या सामन्यात बोट ठेवावे असा क्षण सापडत नाही. हंगाम किती चांगला होता यापेक्षा तो किती सहज सांगता येतो, यावर त्याची आठवण जास्त अवलंबून असते.