लोणारच्या चिखलातील वीज

तांब्याची तार सुवाहक आणि लाकूड दुर्वाहक, असे शाळेत शिकविले जाते व व्यवहारापुरते ते पुरेसेही असते. साखरखेर्ड्याच्या शाळेतील विद्यार्थी घट, तार आणि दिवा जोडून हा पाठ सहज पडताळून पाहू शकतो. परंतु तारेच्या जागी एकच रेणू ठेवला तर काय होईल? या प्रश्नातून गेल्या अर्धशतकात विज्ञानाची एक नवी शाखा उभी राहिली, आणि तिची एक वाट याच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरापर्यंत येऊन पोहोचते.

योग्य घडणीचा एकच रेणू धातूच्या दोन टोकांमध्ये बसविल्यास तो विद्युत्प्रवाह एका दिशेने जाऊ देईल व उलट दिशेने अडवील, अशी कल्पना १९७४ साली अविराम आणि रॅटनर यांनी मांडली. पुढे १९९७ साली अमेरिकेतील संशोधकांनी सोन्याच्या दोन अग्रांमध्ये बेंझिनचे कडे असलेला रेणू धरून त्यातून जाणारा प्रवाह मोजला. रेणूच्या दोन्ही टोकांना गंधकाचे अणू होते, कारण गंधक सोन्याला घट्ट चिकटते. एवढ्या लहान रेणूतून इलेक्ट्रॉन अडथळा ओलांडून जात नाहीत, तर पुंजयामिकीच्या नियमानुसार त्याच्या आरपार निसटतात. रेणू लांबला की ही शक्यता झपाट्याने घटते, आणि मग टप्प्याटप्प्याने उड्या घेत जावे लागते. शिवाय रेणू तोच असला तरी धातूशी असलेला त्याचा सांधा बदलला की प्रवाहही बदलतो.

माणसाने प्रयोगशाळेत हे साधण्याच्या कितीतरी आधी निसर्गाने ते साधले होते. आपण श्वासोच्छ्वासात अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन अखेर प्राणवायूच्या हवाली करतो. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तेथील काही जिवाणू ते पेशीबाहेरच्या लोहखनिजांना देतात. जिओबॅक्टर या जिवाणूचा असा एक सूक्ष्म तंतू लोहयुक्त ‘हेम’ रेणूंच्या रांगेने बनलेला असतो, हे येल विद्यापीठातील निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही हेमच असते.

लोणारचे पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे. तेथील नमुन्यांतून मोहालीच्या ‘आयसर’ संस्थेतील संशोधकांनी विद्युत् अग्रावर वाढून त्याला इलेक्ट्रॉन देणारे जिवाणू मिळविले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात जिओबॅक्टरच्याच गणगोतातील जिओअल्कलिबॅक्टर हे जिवाणू प्रमुख ठरले. कारखान्यांतील कित्येक सांडपाणी खारे व अल्कधर्मी असते. तेथे सामान्य जिवाणू तग धरत नाहीत, म्हणून हे जिवाणू शुद्धीकरणाच्या कामी येण्याची आशा आहे.

अशा संशोधनाचा खेड्याला काय उपयोग, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर येथे जिल्ह्याच्या भूमीतच पडलेले आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि त्याच वर्षी लोणारची ‘रामसर’ पाणथळांत गणना झाली. पण सरोवराचे खरे वैभव त्याच्या पाण्याच्या विलक्षण गुणधर्मात आहे. गोडे पाणी आणि गावचे सांडपाणी त्यात उतरत राहिले तर खारटपणा ओसरेल, आणि त्यावर जगणारी जीवसृष्टीही हळूहळू नाहीशी होईल. एकदा गेलेली ही संपत्ती कोणत्याही निधीने परत आणता येणार नाही. म्हणून सरोवराचे रक्षण हे केवळ पर्यटनाचे काम मानून चालणार नाही. परिसरातील महाविद्यालयांनी पाण्याच्या क्षारतेची आणि अल्कतेची नियमित नोंद ठेवावी, आणि साखरखेर्ड्यासारख्या गावांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सहलीला नेताना मंदिरांबरोबर हा चिखलही दाखवावा. सुवाहक आणि दुर्वाहक यांचा पाठ तेथे पुढे चालू होतो.